स्मृतिभ्रंश : घरचा प्रश्न की समाजाचा?

दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला अलीकडे मोबाईलवरूनही देता येतो. तरीही तालुक्याच्या गावी बँकेसमोर सकाळपासून रांग लागतेच. त्या रांगेत एखादा निवृत्त पोस्टमन असतो. तीस वर्षे त्याने पंचक्रोशीतील प्रत्येक घराचा पत्ता तोंडपाठ ठेवलेला असतो. आता मात्र पासबुकाच्या एकाच पानाकडे तो पुन्हा पुन्हा पाहतो. पैसे काढले की नाही, हे शेजाऱ्याला विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर पाच मिनिटांनी तेच परत विचारतो. सही जुळत नाही म्हणून कारकून त्रासतो. रांगेत कोणी हसते, कोणी 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणते. सोबत आलेला मुलगा ओशाळतो आणि पुढच्या महिन्यापासून पैसे आणायला स्वतःच येऊ लागतो. म्हातारा जिवंत असल्याची नोंद शासनदरबारी होते. परंतु त्या दिवसापासून तो चारचौघांच्या व्यवहारातून बाद झाला, याची नोंद कोठेही होत नाही.

असे प्रसंग कोणत्याही गावात पाहावयास मिळतात. अशा माणसाला 'चळ लागला' असे म्हणून समाज मोकळा होतो, आणि घरचे लोक ही गोष्ट शक्यतो चार भिंतींच्या आत ठेवतात. वस्तुतः हा वयाचा दोष नव्हे आणि स्वभावाचाही नव्हे. हा आजार आहे. तो वेळीच ओळखता येतो. तो ओळखला गेला तर त्या माणसाला पुढील काही वर्षे मानाने जगता येतात. मात्र यासाठी जो वेळ, जे श्रम आणि जो पैसा लागतो तो कोणी द्यावयाचा, हा प्रश्न आज प्रत्येक कुटुंबाच्या माथी मारला गेला आहे. त्याचा विचार सार्वजनिक प्रश्न म्हणून होण्याची आवश्यकता आहे.

आजार कोणाला होतो?

स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो एकच एक रोग नाही. मेंदूच्या अनेक विकारांतून उद्भवणाऱ्या लक्षणांचा तो समूह आहे. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्याचे प्रथम वर्णन केले तो अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत मोठे कारण; मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणारा प्रकारही पुष्कळ आढळतो. आपल्या देशातील वृद्धांच्या राष्ट्रव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत.

या आकड्याच्या पोटात दडलेले वास्तव अधिक महत्त्वाचे आहे. मराठी प्रेक्षकांना हा आजार विशेषेकरून परिचित झाला तो २०१३ च्या 'अस्तु' या चित्रपटातील संस्कृत पंडितामुळे. त्यामुळे स्मृतिभ्रंश म्हटले की एखाद्या विद्वानाची विरत चाललेली विद्वत्ता डोळ्यांसमोर येते. पाहणीत मात्र हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळला. ज्यांचे शिक्षण कमी त्यांच्यात त्याचे प्रमाण जास्त दिसले. म्हणजे आकडेवारीतला रुग्ण बहुधा पंडित नसून शाळेचे तोंड न पाहिलेली खेड्यातील वृद्धा आहे.

असे का व्हावे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात, बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता अथवा लांबविता येईल, असा त्या आयोगाचा निष्कर्ष आहे. बालपणी शिक्षण न मिळणे, ऐकू न येणे आणि दृष्टी जाणे यांवर उपचार न होणे, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, धूम्रपान, हवेचे प्रदूषण, एकटेपण ही त्यांतली काही. ही यादी वैद्यकाची खरी, पण ती वाचताना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला संपत्तीच्या वाटपाचा तक्ता वाचल्यासारखे वाटेल. साठ वर्षांपूर्वी जी मुलगी शाळेऐवजी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवली गेली, जिचे आयुष्य चुलीच्या धुरात गेले, जिच्या मोतीबिंदूचे आणि बहिरेपणाचे 'वय झाले' एवढेच निदान झाले, तिच्या म्हातारपणीच्या विसराळूपणात त्या सर्व वंचनांची बेरीज असू शकते.

प्रथम ओळखतो कोण?

या संदर्भात गोव्यातील अनुभव उद्बोधक आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तेथे केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे साधे वर्णन लोकांपुढे ठेवून, असे कोणी पाहिले आहे काय आणि त्याचे कारण काय असावे, अशी चर्चा त्यांनी घडवून आणली. वर्णन बहुतेकांच्या ओळखीचे निघाले. परंतु हा आजार आहे असे कोणाला वाटले नाही. म्हातारपण असेच असते, अशीच समजूत आढळली. परिणामी प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच येत. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना मात्र अशी माणसे नेहमी भेटत असत. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही, म्हणून म्हाताऱ्यांची अशी अवस्था होते, असे लोक मानत.

या दोन निष्कर्षांना एकत्र ठेवले की आजार लपविण्यामागचे कारण उलगडते. आईचा विसराळूपणा उघड झाला तर गाव मुलाला आणि सुनेला नावे ठेवणार. मग आईला बाहेर नेण्याचे टाळले जाते. दवाखान्यात नेणे तर दूरच. ज्यांना प्रथम कळते त्या सुनेला, शेजारणीला, आरोग्यसेविकेला या विषयात बोलण्याचा अधिकार नाही, आणि ज्यांना अधिकार आहे त्या डॉक्टरांपर्यंत रुग्ण पोहोचत नाही.

शासनाने यावर काहीच केले नाही असे नव्हे. आशा कार्यकर्तीकडे जी तपासणीसूची असते तीत वृद्धांसाठी काही प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता काय, हा त्यांतला एक. प्रश्न योग्य आहे, पण तो फार उशिराचा आहे. प्रारंभीच्या अवस्थेतला माणूस मुलाचे नाव विसरत नाही आणि घराचा पत्ताही बिनचूक सांगतो. त्याचे 'नाही' असे उत्तर सूचीत नोंदले जाते आणि पुढील वर्षापर्यंत तो निरोगी ठरतो.

सुरुवातीच्या खुणा

सुरुवात वेगळ्याच ठिकाणी होते. चाळीस वर्षे सणासुदीला पुरणपोळी करणारी बाई पुरण शिजल्यावर पुढे काय करावयाचे ते न सुचून ओट्याशी उभी राहते. भाजीत मीठ दोनदा पडते. बाजारात पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे न घेताच माणूस परततो. पिकाला पाणी देऊन झाले की नाही हे शेतकऱ्याला आठवत नाही. नेहमीच्या वाटेवरच्या एखाद्या वळणावर पाय थबकतो. बोलताना साधा शब्द सापडत नाही आणि 'ते हे' असे म्हणून वेळ मारून न्यावी लागते. तोच प्रश्न तासाभरात चौथ्यांदा विचारला जातो. पाकीट स्वतःच कोठेतरी ठेवले जाते आणि चोरीचा आळ सुनेवर किंवा कामवाल्या बाईवर येतो. काहींच्या बाबतीत स्मरणशक्ती पुष्कळशी शाबूत असते, पण स्वभाव पालटतो. शांत माणूस संतापी होतो. वर्षानुवर्षे भजनी मंडळात टाळ धरणारा गृहस्थ काहीतरी निमित्त सांगून मंडळात जाणे सोडून देतो. आपले चुकते आहे हे त्याला प्रथम कळलेले असते आणि ते चारचौघांत उघडे पडू नये म्हणून तो मागे सरतो.

वय झाले की थोडे विसरणे सर्वांच्याच वाट्याला येते. पाहुण्याचे नाव पटकन न आठवणे आणि संध्याकाळी आठवणे हे साहजिक आहे. पाहुणा आला होता हेच संध्याकाळी न आठवणे ही मात्र दखल घेण्याजोगी गोष्ट होय. तुलना शेजारच्या आजोबांशी करू नये. त्याच माणसाच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी. ज्याने जन्मात कधी हिशेब ठेवला नाही त्याचा हिशेब चुकला तर त्यात नवल नाही. पतपेढीचे खजिनदारपद सांभाळलेल्याचा चुकू लागला तर ती खूण समजावी.

अशी खूण दिसली म्हणजे स्मृतिभ्रंशच झाला, असेही धरून चालू नये. थायरॉइडचा विकार, ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, किंवा निव्वळ ऐकू न येणे यांमुळेही माणूस गोंधळलेला दिसतो, आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. एखादा वृद्ध काही तासांत अथवा एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रमिष्ट झाला, तर जंतुसंसर्गासारखे तातडीचे कारण असू शकते. त्याला त्वरित रुग्णालयात नेले पाहिजे. 'वय झाले' असे म्हणून स्वस्थ बसण्यातला खरा धोका येथे आहे. बरे होऊ शकणारी माणसेही त्या दोन शब्दांखाली गाडली जातात.

तपासणीच्या साधनांतही वर्गभेद आहे. जगभर वापरली जाणारी स्मृतिपरीक्षा १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीत एक वाक्य लिहावे लागते, आकृती काढावी लागते, शंभरातून सात-सात वजा करीत जावे लागते. ज्याने पाटी-पेन्सिल हाती धरली नाही तो या परीक्षेत निरोगी असूनही नापास होणार. आणि सुशिक्षित मनुष्य आजार सुरू झाल्यावरही काही काळ उत्तीर्ण होत राहणार. हरियाणातील बल्लभगढ परिसरात काम करणाऱ्या संशोधकांनी हे ओळखून, निरक्षर ग्रामीण वृद्धांना लागू पडेल अशी हिंदी परीक्षा १९९५ मध्ये सिद्ध केली. याचा अर्थ हे काम आपल्याकडे होऊ शकते. तालुक्याच्या दवाखान्यात ते अद्याप झिरपलेले नाही, एवढाच त्याचा दोष.

कळून उपयोग काय?

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. आजार बरा होत नाही, मग तो लवकर कळून काय साधावयाचे? माणूस उगाच खचेल. सध्याची औषधे काही काळ लक्षणे थोडी सौम्य करतात, हे खरे. अल्झायमरची गती किंचित मंदावणारे लेकानेमॅब नावाचे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तेव्हा त्याची वार्षिक किंमत २६,५०० डॉलर होती. अशा औषधांवर कष्टकरी माणसाने भिस्त ठेवावी, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि लवकर ओळखण्याचे खरे प्रयोजन औषधात नाही. प्रारंभीच्या अवस्थेत माणूस स्वतःविषयी स्वतः बोलू शकतो. कोठे राहावयाचे, कोणाकडून सेवा घ्यावयाची, जमिनीचे काय करावयाचे, कोणते उपचार नकोत, हे तो आजच सांगू शकतो. आणखी तीन वर्षांनी कदाचित सांगू शकणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे. पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा, आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याचा हक्क हा कायदा देतो. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की सर्व निभावते, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा अस्थिरचित्त झाला की ते संपुष्टात येते. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ते निरुपयोगी होते. या गोष्टी वेळेवर न कळल्यामुळे किती कुटुंबे बँकेच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत असतात!

लवकर झालेल्या निदानाचा दुरुपयोगही होऊ शकतो, हे येथेच सांगितले पाहिजे. पुढे वाट्याला येणाऱ्या मालमत्तेच्या अपेक्षेवर आईबापांची सेवा अनेकदा अवलंबून असते, असे गोव्यातील त्याच अभ्यासात दिसून आले. सातबाऱ्याच्या महाराष्ट्राला हे नवे नाही. 'म्हाताऱ्याला आता काही कळत नाही' हे वाक्य काळजीपोटी उच्चारले जाते, तसेच अंगठा घेण्यासाठीही. म्हणून एक गोष्ट कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे समजून घ्यावी आणि सांगत राहावी. निदान झाल्याने कोणी नागरिकत्वाला मुकत नाही. सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्याखेरीज कोणाचे नाव मतदारयादीतून काढता येत नाही. पैशाचा गुंतागुंतीचा व्यवहार न समजणाऱ्या माणसाला आपण कोणत्या मुलाकडे राहावे हे उत्तम समजत असते. क्षमता एका दिवशी दिवा विझावा तशी जात नाही. प्रत्येक बाबतीत तिचा वेगळा विचार करावा लागतो.

माणूस केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे काय?

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांच्या दिनक्रमाचे दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांचा मुख्य ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या रुग्णांची जी दुर्दशा आपण पाहतो ती सर्वच मेंदूच्या झिजेतून येत नाही. भोवतालच्या माणसांच्या वागणुकीचा तीत मोठा भाग असतो, असे त्यांनी दाखविले. फसवून काम करवून घेणे, जे जमते तेही करू न देणे, लहान मूल समजून बोलणे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे, त्याला झेपणार नाही इतकी घाई करणे, त्याच्या भावना खोट्या ठरविणे, टिंगल करणे, अशा गोष्टींची यादीच त्यांनी दिली. विशेष म्हणजे हे सारे दुष्टपणाने केले जात नाही. दमलेली, घाईतली, भली माणसेच ते करीत असतात.

किटवूड यांच्या मते अशा माणसाला दिलासा, आपुलकीचे बंध, चारचौघांत स्थान, हाताला काम आणि स्वतःची ओळख या गोष्टी हव्या असतात, आणि या सर्वांच्या मुळाशी माया. यालाच व्यक्तिकेंद्री शुश्रूषा असे नाव मिळाले. नाव अवजड असले तरी आशय साध्या घरात उतरविता येतो. जन्मभर शेतमजुरी केलेल्या बाईसमोर शेंगांचे सूप ठेवावे. तिने शेंगा निवडल्या आणि चार खडे राहिले तर ते नंतर काढता येतात. 'राहू द्या, तुम्हांला जमत नाही' असे म्हटले तर मात्र दिवसातले एकमेव काम जाते आणि ती भिंतीकडे पाहत बसते. वर उल्लेखिलेल्या पोस्टमनला बँकेत न नेण्याऐवजी सोबत न्यावे. पैसे मुलाने मोजावेत, पण सही त्याने करावी, आणि कारकुनाने 'दादा, सावकाश' असे म्हणावे. तोच प्रश्न पुन्हा आला तर 'आताच सांगितले ना' हे उत्तर टाळावे, कारण विचारणाऱ्यासाठी तो प्रश्न प्रत्येक वेळी पहिलाच असतो. मृत पत्नीची वाट पाहणाऱ्याला तिच्या मृत्यूची बातमी दररोज नव्याने ऐकविण्याची गरज नाही. तिची आठवण येते काय, ती काय करीत असे, असे विचारले तर तो बोलू लागतो. यात खोटे बोलावे लागत नाही आणि घावही घालावा लागत नाही.

अशा शुश्रूषेला औषधाचा खर्च नाही. लागतो तो वेळ. आणि हा वेळ कोणाचा, हाच या प्रश्नाचा आर्थिक गाभा आहे.

हात कोणाचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशाचा जगावर पडलेला आर्थिक भार सुमारे १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातला जवळजवळ निम्मा भाग घरच्या माणसांच्या विनामोबदला श्रमांचा आहे. ही माणसे दिवसाला सरासरी पाच तास शुश्रूषा करतात, आणि त्या तासांपैकी ७० टक्के स्त्रियांचे असतात. भारताच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. या २९९ मिनिटांवर शुश्रूषेचे पाच तास चढविले की सुनेच्या किंवा मुलीच्या दिवसाचे काय होते, याचा हिशेब मांडण्यास पदवीची आवश्यकता नाही. तिची रोजंदारी बुडते, विड्यांची किंवा शिवणाची कामे सुटतात. आणि ती बुडालेली मजुरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात तोटा म्हणून दिसत नाही. 'आपली कुटुंबसंस्था भक्कम आहे' या गौरवोद्गाराखाली एका गरीब बाईचे श्रम फुकट वापरले जात असतात.

शासकीय योजना या ठिकाणी कशा उभ्या आहेत? २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला खाटेपेक्षा घरी हात लागतात, आणि त्या हातांसाठी योजनेत तरतूद नाही. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे महिना २०० रुपये आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व नमूद आहे. पार्किन्सनच्या आजाराचे त्यात नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे. तो मुख्यतः मुलांना जबाबदार धरतो. मुले स्वतःच रोजंदारीवर असतील तर कायदा कोणाकडून काय वसूल करणार?

उपाय नाही असे मात्र नाही. गोव्यातच अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्च माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांना घरोघरी पाठविण्यात आले. त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. आजार समजावून सांगणे, अवघड वागणुकीला कसे सामोरे जावे हे दाखविणे, जरूर तेव्हा डॉक्टरांकडे पाठविणे, अशा कुटुंबांना एकमेकांशी जोडून देणे आणि सरकारी योजनांची माहिती देणे, एवढेच त्यांचे काम. सहा महिन्यांनंतर शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले आढळले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या स्वतःच्या स्थितीत मात्र ठळक सुधारणा सिद्ध झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीपण सामान्य शिक्षणाच्या माणसांकडून, मोठ्या इमारतींशिवाय, एवढे घडू शकते, ही गोष्ट लहान नाही.

येथे सावधगिरीची सूचना अगत्याची आहे. हे काम आशांकडून होऊ शकते, असे म्हणताच प्रशासन ते त्यांच्या आधीच वाढलेल्या कामांच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून घालील आणि मानधन तेवढेच ठेवील. घरातल्या बाईचे फुकट श्रम कमी करण्यासाठी गावातल्या दुसऱ्या बाईचे श्रम स्वस्तात घेणे हा न्याय नव्हे. शुश्रूषा हे कौशल्याचे काम आहे, ते वेतनाचे काम असले पाहिजे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला, तो याच तत्त्वावर. जपानने २००४ मध्ये या आजाराचे जुने अपमानकारक नावही सरकारी भाषेतून बदलले, आणि पुढील वर्षापासून दुकानदार, बँक कर्मचारी, विद्यार्थी अशा सामान्य नागरिकांना दीड तासाच्या वर्गात प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले आहे. जपानइतकी संपत्ती आपल्याकडे नाही. पण दीड तासाचा वर्ग भरविण्यास संपत्ती लागत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

मागण्या सरळ आहेत. आशांच्या सूचीत पैशाचा व्यवहार, वारंवार तोच प्रश्न, नेहमीची कामे अडणे यांविषयीचे प्रश्न यावेत, आणि ते घरच्या माणसालाही विचारले जावेत. या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. तालुका पातळीवर थायरॉइड आणि ब-१२ यांची तपासणी विनामूल्य व्हावी. प्रत्येक तालुक्याला निदान एक दिवसभराचे केंद्र असावे, म्हणजे सुनेला रोजंदारीवर जाता येईल आणि वृद्धाला सोबत मिळेल. अपंगत्वाच्या यादीत स्मृतिभ्रंशाचा स्पष्ट समावेश व्हावा. शुश्रूषेसाठी काम सोडावे लागणाऱ्यास भत्ता मिळावा.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ग्रंथालयात, पतपेढीत, महिला मंडळात दीड तासाची बैठक घेणे कोणत्याही शाखेच्या आवाक्यातले आहे. त्याहून अवघड काम स्वतःच्या घरी आणि संघटनेत आहे. चळवळीतही माणसे म्हातारी झाली आहेत. एके काळी सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला ज्येष्ठ सहकारी बैठकीत तीच आठवण तिसऱ्यांदा सांगू लागतो. तरुण एकमेकांकडे पाहून हसतात. अध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवितात, आणि पुढच्या बैठकीचे निमंत्रण त्याला जात नाही. समतेचा उच्चार करणाऱ्या सभागृहातच एक माणूस अशा रीतीने वजा केला जातो. वास्तविक त्याच्या पुन्हा पुन्हा सांगण्याकडे प्रथम लक्ष गेले पाहिजे ते सहकाऱ्यांचे. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जाणे, घरच्यांना धीर देणे, निमंत्रण पाठवीत राहणे, न्यावयास कोणी जाणे आणि त्याची खुर्ची ठेवणे, एवढे कोणत्याही शासननिर्णयावाचून होऊ शकते.

येत्या नोव्हेंबरात बँकेसमोर पुन्हा रांग लागेल. गोंधळलेल्या म्हाताऱ्याला हसणारे तेथे असतीलच. त्याच्या शेजारी उभे राहून पासबुक शांतपणे दुसऱ्यांदा वाचून दाखविणारा एखादा कार्यकर्ता तेथे असला, आणि त्या मुलाला बाजूला घेऊन 'यांना एकदा दवाखान्यात दाखवून घ्या, मी बरोबर येतो' असे म्हणणारा निघाला, तर कामाला सुरुवात झाली असे मानता येईल.